आयफेलमधल्या छोट्या जर्मन गावात बिऱ्हाड करताना

आमच्या गावाची वस्ती साडेतीनशेच्या आत आहे. एवढ्याशा गावाला लोकांनी निवडून दिलेला स्वतःचा प्रमुख आहे, आठ सदस्यांची परिषद आहे, स्वतःचे अंदाजपत्रक आहे आणि स्वतःच्या मालकीचे जंगलही आहे. नाही ते दुकान, बँक, दवाखाना आणि हॉटेल. जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या सीमेला लागून असलेल्या आयफेल या डोंगराळ प्रदेशात अशी गावे पावलोपावली भेटतात. ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्यातील बिटबुर्ग-प्र्युम या एका जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ लाख असून त्यात सव्वादोनशेहून अधिक स्वतंत्र गावपालिका आहेत. शेजारच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात १ कोटी ८० लाखांच्या आसपास लोक राहतात आणि तिथे साऱ्या राज्यात मिळून पालिका आहेत अवघ्या ३९६, कारण तिथली छोटी गावे १९७० च्या दशकापर्यंत मोठ्या पालिकांत विलीन करण्यात आली. इकडे बेर्नकास्टेल-विटलिश जिल्ह्यातील डीअरफेल्ड या गावाची लोकसंख्या दहाच्या आसपास आहे, आणि तरीही ती एक वेगळी पालिका आहे.

शहरातली घरभाडी परवडेनाशी झाल्यामुळे किंवा नोकरीच अशा भागातल्या कारखान्यात लागल्यामुळे आता आपल्याकडची काही कुटुंबे या गावांत येऊ लागली आहेत. जर्मनीत स्थिरावण्यासंबंधी जी माहिती सहज मिळते ती बहुतेक म्युनिक, फ्रांकफुर्ट किंवा बर्लिन डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असते आणि गावात तिचा निम्माच उपयोग होतो. शहर पगारी माणसांवर चालते. हे गाव मात्र दिवसभर दुसरीकडे राबून संध्याकाळी परतलेल्या माणसांच्या फावल्या वेळावर चालते. हे ध्यानात आले की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. खाली जे लिहिले आहे ते ऱ्हाइनलँड-फाल्झमधल्या गावांना लागू पडते; इतर राज्यांत चौकट तीच असली तरी तपशील बदलतात.

कोणते काम कोणाकडे

पहिली गफलत इथेच होते. गावपालिकेचा प्रमुख, म्हणजे ऑर्ट्सब्युर्गरमाइस्टर, हा मानद पदाधिकारी असतो. त्याला खर्चापोटी मानधन मिळते, पगार नाही. आमचे प्रमुख व्यवसायाने सुतार आहेत आणि त्यांची भेटीची वेळ आठवड्यातून एकदा, संध्याकाळी तासभर असते. गावचे रस्ते, स्मशानभूमी, खेळाचे मैदान, सभागृह आणि जंगल हे विषय त्यांच्याकडे आणि परिषदेकडे असतात. पण दाखले, नोंदणी, पाणी, सांडपाणी आणि हिशेब हे कार्यालयीन काम अनेक गावांनी मिळून चालवलेल्या फेरबान्ड्सगेमाइंडे नावाच्या संस्थेत होते, आणि तिचे कार्यालय जवळच्या छोट्या शहरात, आमच्या बाजूला प्र्युम, आर्त्सफेल्ड किंवा नॉयेरबुर्ग इथे असते. आपल्याकडे सरपंच गावचा आणि ग्रामसेवक सरकारचा असतो. इथे ग्रामसेवकाचे कार्यालय तीस-चाळीस गावांना मिळून एकच आहे अशी कल्पना केली की चित्र पुरेसे स्पष्ट होते. त्याच्या वर जिल्हा: निवासाचा परवाना, मोटारीची नोंदणी आणि वाहन चालवण्याचा परवाना यांसाठी जिल्हा कार्यालयात, म्हणजे बिटबुर्गला, जावे लागते.

गावपालिकेला आपले स्थानिक प्रश्न आपल्या जबाबदारीवर सोडवण्याचा हक्क १९४९ च्या जर्मन राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने दिलेला आहे आणि गावकरी तो अतिशय गांभीर्याने घेतात. म्हणून तक्रार घेऊन थेट जिल्ह्याला पत्र धाडण्याआधी प्रमुखांच्या दारावरची घंटा वाजवावी. निम्मी कामे तिथेच होतात, आणि न झालेली कुठे होतील ते तरी कळते.

पहिले पंधरा दिवस

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. पासपोर्ट, व्हिसा, आणि विवाह व जन्माच्या दाखल्यांची प्रमाणित भाषांतरे यांबरोबर घरमालकाने सही केलेले, तुम्ही अमुक तारखेपासून इथे राहता असे सांगणारे एक पानी पत्रक लागते. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. हे पत्रक किल्ल्या घेतानाच मागून घ्यावे, कारण नंतर मालक सुटीवर गेला तर तुमचे दोन आठवडे त्याच्या सुटीत जातात. नोंदणीच्या वेळी धर्म विचारतात, तो चर्चच्या करासाठी. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असे लिहिले तर या राज्यात आयकराच्या ९ टक्के इतका जादा कर पगारातून कापला जातो. हिंदू, बौद्ध, जैन किंवा मुस्लिम कुटुंबाला त्यातून काही द्यावे लागत नाही. गोवा किंवा वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र हा प्रश्न आधीच घरी बोलून ठेवावा.

त्याच दिवशी करायचे दुसरे काम अगदी क्षुल्लक वाटते: पत्रपेटीवर आणि घंटेवर आपले आडनाव लावणे. इथे पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर कर क्रमांक, बँकेचे कार्ड, विमा कंपनीचे पत्र असे सारे ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत जाते आणि आपण कार्यालयांना दोष देत बसतो. पती-पत्नीची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही लावावीत, आणि पासपोर्टवर जसे स्पेलिंग आहे तसेच लावावे. महिन्याभरात रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचे पत्र येते. ती दर घरामागे महिना १८.३६ युरो असते आणि घरात दूरदर्शन संच नसला तरी भरावीच लागते.

मोटारीशिवाय गावात राहता येते, पण ते राहणे दुसऱ्यांच्या उपकारावर चालते. बस शाळेच्या वेळा पाहून धावते आणि शाळेला सुटी लागली की तिच्या फेऱ्याही आटतात; काही फेऱ्या तर आधी दूरध्वनी करून मागवल्या तरच येतात. भारतीय परवान्यावर, वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन परवाना घ्यावा लागतो, आणि वाहनशाळेत व परीक्षेसाठी तारीख मिळायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्याच महिन्यात नाव घालावे. सहावा महिना उजाडल्यावर धावपळ करणारे मी तीन जण पाहिले, त्यांतला एक मी होतो.

लहान मुले असतील तर बालवाडीच्या जागेसाठी नोंदणीच्या दिवशीच विचारणा करावी. मुलाचा पहिला वाढदिवस झाला की जागा मिळणे हा साऱ्या जर्मनीत कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि या राज्यात मूल दोन वर्षांचे झाले की बालवाडीचे शुल्क नसते. फक्त जेवणाचे पैसे द्यावे लागतात.

शेजारधर्म

शहरात नवा भाडेकरू महिनोन्महिने कोणाला न भेटता राहू शकतो. गावात मात्र तुम्ही सामान उतरवत असतानाच साऱ्यांना ठाऊक झालेले असते; प्रश्न एवढाच उरतो की तुम्ही स्वतः येऊन सांगता की नाही. पहिल्या आठवड्यात, शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी जाऊन आपले नाव, कुठून आलो आणि कुठे काम करतो एवढे सांगावे. पाच मिनिटे पुरतात. आत बोलावतीलच असे नाही आणि बोलावले नाही तर मनाला लावून घेऊ नये. भेटवस्तूची गरज नसते. आम्ही पुढे दिवाळीत चकल्या आणि चिवडा नेऊन दिला तेव्हा समोरच्या आजींनी दुसऱ्या दिवशी डबा परत आणला, त्यात घरच्या मनुकाफळांचा मुरंबा भरून. रिकामा डबा परत करू नये हा नियम त्यांना कोणी शिकवला ते मी विचारले नाही.

रस्त्यात जो भेटेल त्याला नमस्कार करावा, ओळख असो वा नसो. गाडीतून जाताना सुकाणूवरचे एक बोट उचलले तरी तो नमस्कार मानला जातो, पण तेही न करणारा माणूस शिष्ट ठरतो. एकेरीत बोलायचे की आदरार्थी, हा निर्णय वयाने मोठ्या माणसावर सोडावा. तो बहुधा लवकरच ‘आपण एकेरीत बोलू’ असे म्हणत हात पुढे करतो. वर्गात शिकलेली जर्मन भाषा पहिले काही महिने कामाला येत नाही, कारण इथे मोझेल-फ्रांकिश बोली चालते, जिच्यात ‘दास’ (ते) आणि ‘वास’ (काय) यांच्या जागी ‘दात’ आणि ‘वात’ येते, आणि त्यात लक्झेंबर्गच्या भाषेचा नादही असतो. समजले नाही तर मान डोलावू नये, पुन्हा विचारावे. मी एकदा न समजता हो म्हटले आणि शनिवारी पहाटे सभागृहाची कौले उतरवायला हजर राहण्याचे कबूल करून बसलो होतो. एका अर्थी ते बरेच झाले.

कचरा, झाडू आणि शांतता

गावात नव्या माणसाची परीक्षा या तीन गोष्टींवर होते, आणि ती कोणी तोंडावर घेत नाही.

कचऱ्याचे वर्षभराचे वेळापत्रक मिळते, ते स्वयंपाकघरात लावून ठेवावे. कागद वेगळा, प्लास्टिक व डब्यांची वेष्टने पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, आणि उरलेले सारे काळ्या डब्यात. ओल्या कचऱ्याचा तपकिरी डबा जर्मनीत बहुतेक ठिकाणी दारात असतो. ट्रिअर शहर आणि परिसरातील चार जिल्हे यांचे कचरा-व्यवस्थापन मात्र एकाच संघाकडे आहे आणि इथे ओला कचरा पिशवीत भरून ठरलेल्या जागच्या पेटीत आपण नेऊन टाकायचा असतो. बाग असेल तर सरळ खत करावे, गावात बहुतेक जण तेच करतात. डबा आदल्या संध्याकाळी रस्त्याकडेला ठेवतात, कारण गाडी सकाळी लवकर येते. पेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर २५ सेंट अनामत असते, बियरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट. त्या कचऱ्यात न टाकता दुकानातल्या यंत्रात परत द्याव्यात.

अनामत नसलेल्या काचा, म्हणजे लोणच्याच्या वगैरे बरण्या, गावाच्या टोकाला ठेवलेल्या पेट्यांत पांढरी, हिरवी आणि तपकिरी अशा रंगांप्रमाणे टाकतात. निळी काच हिरवीत जाते. आमच्या पहिल्याच महिन्यात मी रविवारी दुपारी, मोकळा वेळ आहे म्हणून, पोतेभर बरण्या एकेक करून त्या पेटीत टाकल्या. प्रत्येक बरणी फुटताना होणारा आवाज त्या निःशब्द दुपारी चर्चपर्यंत जात असला पाहिजे. पलीकडच्या घरात एक गृहस्थ खिडकीत उभे राहून पाहत होते. त्यांनी मान हलवली, मीही हलवली. सोमवारी संध्याकाळी ते कचऱ्याचे वेळापत्रक घेऊन आमच्याकडे आले आणि पेटीवर छापलेल्या वेळा त्यांनी पेन्सिलने त्यावर लिहून दिल्या: फक्त कामाचे दिवस, सकाळी ७ ते संध्याकाळी ७. रागाचा एक शब्द नव्हता. तेच गृहस्थ पुढे मला लाकूड फोडायला शिकवणार होते.

रविवारची शांतता ही इथली केवळ सवय नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखण्याची तरतूद १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होती आणि ती आजच्या राज्यघटनेत जशीच्या तशी घेतलेली आहे. निवासी भागात गवत कापण्याचे यंत्र रविवारी आणि सणाच्या दिवशी अजिबात चालवता येत नाही, इतर दिवशी रात्री ८ ते सकाळी ७ या वेळात नाही. भिंतीला भोके पाडणे, गालिचा बडवणे ही कामेही शनिवारपर्यंत उरकावीत. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मात्र सुगीत रविवारीही धडधडतो, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पाऊस येण्याआधी चारा आत आला पाहिजे हे सगळ्यांना कळते.

घरासमोरचा सार्वजनिक रस्ता झाडणे हे बहुतेक गावांत घरवाल्याचे काम असते आणि भाडेकरारात ते भाडेकरूकडे दिलेले असू शकते. आमच्याकडे ते शनिवारी दुपारपर्यंत उरकतात. हिवाळ्यात घरासमोरच्या पायवाटेवरील बर्फ सकाळी ७ पासून काढावा लागतो आणि घसरण टाळण्यासाठी खडी किंवा वाळू टाकावी लागते. मीठ अनेक ठिकाणी मना असते. कोणी घसरून पडला तर जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून व्यक्तिगत दायित्वाचा विमा घ्यावा. सुटीवर भारतात जाताना बर्फ कोण काढणार हे शेजाऱ्याशी बोलून ठेवावे आणि त्याच्या सुटीत आपण त्याचे काढावे.

गावाचा फलक आणि परिषदेची बैठक

गावातली बातमी दोन ठिकाणी मिळते. सभागृहाजवळ काचेचा फलक असतो, आणि दर आठवड्याला फेरबान्ड्सगेमाइंडेचे एक छापील पत्र घरोघर येते. त्यात पाणी कधी बंद राहील, लाकडाची मागणी कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, कोणाचा ८० वा वाढदिवस आहे आणि गावपरिषदेची बैठक कधी आहे हे सारे असते. माझ्या मते जर्मन शिकण्यासाठी याहून चांगले वाचन नाही: वाक्ये छोटी, शब्द तेच तेच, आणि न समजल्यास नुकसान आपले.

परिषदेच्या बैठका नागरिकांना खुल्या असतात. ३०० पर्यंत वस्तीच्या गावात ६ सदस्य, ५०० पर्यंत ८, आणि १,००० पर्यंत १२ असे प्रमाण आहे. पक्षांचे नाव फारसे ऐकू येत नाही. मी गेलो त्या पहिल्या बैठकीत पाऊण तास खेळाच्या मैदानातील एका झोपाळ्यावर चर्चा झाली: तपासनिसाने त्याची साखळी नापसंत केली होती, नवीन झोपाळ्याला किती लागतील, आणि एका सदस्याचा भाऊ ती साखळी बदलून देईल तर तपासनीस मान्य करील का. कंटाळवाणे वाटेल, पण गावचे पैसे कुठून येतात आणि कुठे जातात ते इथेच कळते: जमीनकर, व्यवसायकर, कुत्र्यावरचा कर, जंगलातील लाकूड, आणि गावच्या जमिनीवर पवनचक्क्या असतील तर त्यांचे भाडे. रहिवाशांनी प्रश्न विचारण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. पहिल्या दोन-तीन बैठकांत मात्र नुसते ऐकावे. शेवटी ‘बंद भाग’ जाहीर झाला की उठून बाहेर जायचे असते, तो अपमान नव्हे.

गावच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क जर्मन आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, भारतीय नागरिकाला नाही. जून २०२४ मध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि जर्मनी जुने नागरिकत्व सोडायला सांगत नाही. भारत मात्र दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, त्यामुळे पासपोर्ट परत करावाच लागतो. हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मताचा हक्क नसतानाही बैठकीत सतत दिसणाऱ्या माणसाचे गाव ऐकते, हे मी पाहिले आहे.

अग्निशमन दल आणि मंडळे

जर्मनीत पगारी अग्निशमन दल फक्त मोठ्या शहरांत असते. इतरत्र आग विझवायला येतात ते स्वयंसेवक, आणि देशभरात अशा सक्रिय स्वयंसेवकांची संख्या १० लाखांच्या घरात आहे. या राज्यात सूचना मिळाल्यापासून ८ मिनिटांत पहिली मदत पोहोचली पाहिजे असा दंडक आहे. तो पाळायचा तर माणसे त्याच किंवा शेजारच्या गावात असावी लागतात. म्हणजे दुपारी दोन वाजता भोंगा वाजला की गोठ्यातला शेतकरी, घरून काम करणारा संगणक अभियंता आणि रात्रपाळी करून झोपलेला कामगार असे सारे गाडीघराकडे धावतात. मालकाला अशा वेळी पगार न कापता त्यांना सोडावे लागते.

भोंग्याने दचकू नये, पण तो ओळखायला शिकावे. ठरलेल्या शनिवारी दुपारी चाचणी होते, आणि दर सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी देशभर इशाऱ्यांचा सराव असतो. जुलै २०२१ मध्ये आयफेलमधल्या आर नदीला आलेल्या पुरात १३० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर भोंग्याकडे कोणी गमतीने पाहत नाही. मोबाइलवर ‘निना’ हे सरकारी इशाऱ्यांचे अ‍ॅप घ्यावे. आपत्कालीन क्रमांक ११२, आणि जिवावरचे नसलेल्या दुखण्यासाठी रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७.

दलात सामील व्हायला १६ वर्षे पूर्ण असावी लागतात, प्रकृती ठीक असावी लागते आणि आज्ञा समजेल इतकी जर्मन यावी लागते; नागरिकत्व लागत नाही. प्रशिक्षण संध्याकाळी आणि शनिवारी असते. एवढा वेळ देणे शक्य नसेल तर दलाच्या पाठीराख्या मंडळाचे सभासद व्हावे. वर्गणी किरकोळ असते. दलाशिवाय वाद्यवृंद, गायनवृंद, फुटबॉल, महिला मंडळ, शिकारी, मधमाशीपालक अशी मंडळे असतात. कायद्याने नोंदणीसाठी किमान ७ सभासद लागतात, आणि खरे सांगायचे तर अनेक मंडळे त्या आकड्याच्या फार वर नाहीत. म्हणूनच नवा माणूस त्यांना हवा असतो. पण अर्ज भरून सुरुवात करण्यापेक्षा जत्रेच्या आदल्या दिवशी बाकडी लावायला जावे, आणि जत्रा उलटल्यावर ती आवरायलाही. लावायला पुष्कळ येतात. सोमवारी सकाळी पावसात ओली बाकडी उचलणारे चार-पाच असतात आणि गावात खरी ओळख त्या चौघा-पाचांशी होते.

वर्षाचे सण आणि त्यांत आपले काम

हा भाग कॅथलिक आहे, त्यामुळे वर्ष चर्चच्या पंचांगावर चालते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन राजांच्या वेशातली मुले दारी येऊन गाणे म्हणतात, गरीब मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि चौकटीवर खडूने सालाचे आकडे व अक्षरे लिहितात. आपण हिंदू आहोत म्हणून दार टाळण्याचे कारण नाही. खडू पुसू नये, पुढच्या वर्षापर्यंत तो तसाच राहतो. कार्निव्हलनंतरच्या पहिल्या रविवारी तरुण मंडळी टेकडीवर गवताची आणि लाकडाची मोठी रचना पेटवतात. आपल्या होळीच्याच दिवसांत आणि तिच्याच थाटात हा जाळ होतो. त्यासाठी मुले लाकूड मागायला येतात तेव्हा जुनी फळकुटे द्यावीत, रंगवलेली मात्र नकोत.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारपासून चर्चच्या घंटा मुक्या होतात. त्या रोमला उडून गेल्या असे सांगतात. त्यांच्या बदली मुले लाकडी खुळखुळे खडखडावत पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी गावभर फिरतात. पहिल्या वर्षी पहाटे सहाला तो खडखडाट ऐकून मी छपराचे काही कोसळले समजून बाहेर आलो, तर दहा-बारा पोरे रांगेत चालली होती आणि सर्वांत लहानग्याचा खुळखुळा त्याच्याहून जड होता. शनिवारी ती मोबदला मागायला येतात: अंडी, चॉकलेट किंवा सुटे पैसे तयार ठेवावेत.

३० एप्रिलच्या रात्री फाटक, कुंड्या आणि दारातली खुर्ची आत घ्यावी. त्या रात्री तरुण पोरे मोकळे सापडेल ते उचलून गावच्या चौकात नेऊन मांडतात. आमचे पायपुसणे आम्हाला बसथांब्यावर सापडले. पोलिसांना कळवणे हास्यास्पद ठरते. उन्हाळ्यातल्या किंवा शरदातल्या जत्रेत केकची मेज गावच्या घरांतून भरते. यादी फिरते तेव्हा नाव लिहावे आणि दिलेली वस्तू कशाकशाची आहे हे चिठ्ठीवर लिहावे, विशेषतः काजू-बदाम असतील तर. नोव्हेंबरमध्ये सेंट मार्टिनच्या दिवशी मुले कंदील घेऊन घोड्यावरच्या स्वारामागे चालतात आणि शेवटी शेकोटीपाशी गोड पाव मिळतो. त्याच महिन्यात, आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, सुरू होण्याच्या दोन रविवार आधी, युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाजवळ गाव जमते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात या प्रदेशात घनघोर लढाई झाली, आणि छोट्या दगडावर एकाच आडनावाची चार-चार नावे असतात. तिथे शांतपणे उभे राहावे, छायाचित्रे काढू नयेत.

लाकूड आणि घर

या राज्यातील जवळजवळ निम्मे जंगल गावांच्या आणि शहरांच्या मालकीचे आहे. सरपणाची मागणी शरदात वनपालाकडे किंवा प्रमुखांकडे नोंदवतात. रस्त्याकडेला रचून ठेवलेले ओंडके घेऊन स्वतः कापायचे असतील तर यांत्रिक करवतीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि संरक्षक विजार-बूट लागतात. ओले लाकूड दोन उन्हाळे आडोशाला, पण वारा लागेल असे रचून सुकवावे. या हिवाळ्यासाठी या शरदात लाकूड मागणारा माणूस पाहून गावकरी सौजन्याने हसतात. चुलीची तपासणी धुराडे साफ करणारा अधिकृत कारागीर करतो; त्याने कळवलेली वेळ चुकवू नये.

घर विकत घेण्याचा विचार असेल तर थोडक्यात एवढेच: व्यवहार नोटरीपुढेच होतो, खरेदीवर ५ टक्के कर लागतो, आणि लक्झेंबर्गच्या सीमेजवळ, तिथे कामाला जाणाऱ्यांमुळे, किमती आयफेलच्या आतल्या भागापेक्षा बऱ्याच चढ्या असतात. जुनी घरे बहुधा एका लांब छपराखाली राहती जागा आणि गोठा अशी असतात. गोठ्याचा भाग पाहून हुरळून जाण्याआधी त्याचे छप्पर पाहावे. रस्ते दुरुस्तीचा खर्च आता या राज्यात सर्व घरमालकांवर वर्षावर्षाला विभागून आकारतात. तो किती आहे ते फेरबान्ड्सगेमाइंडेत आधी विचारावे.

गावात कोणी वारले की घंटा वेगळ्या तालात वाजते आणि दोन दिवसांत बातमी फलकावर किंवा ट्रिअरच्या दैनिकात येते. आपण त्या माणसाला नुसता रस्त्यात नमस्कार करत असलो तरी जावे. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसावे, इतर उठले की उठावे. प्रार्थना म्हणण्याची किंवा प्रसाद घेण्याची अपेक्षा नसते. स्मशानात रांगेने जाऊन चिमूटभर माती किंवा फूल वाहतात, कुटुंबाशी हात मिळवतात. नंतर सभागृहात कॉफी आणि केक असतो आणि तिथे लोक मोठ्याने हसताना दिसतील. गेलेल्याच्या गोष्टी सांगणे चाललेले असते. पाकिटात पत्र आणि ऐच्छिक रक्कम घालतात, ती फुलांसाठी किंवा कुटुंबाने सुचवलेल्या कामासाठी. काळा कोट नसेल तर गडद निळा चालतो.